दोन टेबलांची गाठ

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना आसरा देणारी एक संस्था होती. तिथला संगणक जी सांभाळायची, तिला सगळे मास्तरीण म्हणत. कुणी काही विचारलं की हातातलं काम टाकून ती शिकवायलाच बसायची.

संस्थेचा डेटाबेस तिनेच उभा केला होता. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, बायकांची नावं, दुसऱ्यात त्यांना मिळालेल्या घरांचे पत्ते. दोन्हींत सामाईक रकाना एकच, क्रमांकाचा. तो जुळवणारी क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञा, लिहिल्याशिवाय कोण कुठे राहते ते कळायचं नाही, आणि ती चालवायची परवानगी फक्त मास्तरणीला होती.

मग तिच्याच शब्दावर धाकटी जाऊ तिथे कामाला लागली. पोरगी चुणचुणीत. दुपारी डबे उघडले की हिचे प्रश्न सुरू.

"ताई, जॉइन म्हणजे नक्की काय हो?"

"दोन टेबलांची गाठ घालून द्यायची. क्रमांक जुळतो त्या ओळी शेजारी येऊन बसतात. पण अट घालायला विसरलीस, तर एक बाई मागशील आणि सगळा गोतावळा समोर येईल."

जाऊ खळखळून हसली. मास्तरणीला पाठची बहीण मिळाल्यासारखं झालं होतं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेताना तिने परवानगी जावेला देऊन टाकली. घरचंच माणूस, म्हणाली.

ती रजेवर असतानाच एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दारावर तिचा नवरा लाथा घालायला लागला. शेजाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं म्हणून बाई आणि तिची लेक मागच्या दाराने निसटल्या. पोलिसांपुढे त्याने ऐटीत सांगितलं, पत्ता माझ्या आतेबहिणीने दिला.

हे कानावर येताच मास्तरीण घरी स्वयंपाकघरात गेली. जाऊ भाजी चिरत होती.

"तुझा मामेभाऊ आहे तो?" मास्तरणीने विचारलं.

जावेने सुरी खाली ठेवली. "पोरीसाठी रडत होता, ताई. एकदा भेटतो म्हणाला. मला वाटलं, नुसता पत्ताच तर आहे."

"मार खाऊन घर सोडलेली बाई आहे ती. तुला माहीत होतं."

"तो तसा नाहीये हो. आणि कसं शोधायचं ते तुम्हीच तर शिकवलंत."

मास्तरणीला आठवत राहिले ते सगळे प्रश्न, आणि त्यातला कुठला खरा होता तेच कळेना. दुसऱ्या दिवशी तिने संस्थेच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. जावेची नोकरी गेली. दिराने बोलणं टाकलं. "घरातलं घरात मिटवायचं होतंस," सासूबाई म्हणाल्या, आणि मास्तरणीला वाटलं, आता या घरात आपलं असं कुणी उरलं नाही.

शिवणाऱ्या बाईला भेटायला ती स्वतः गेली. बाई संस्थेच्या खोलीत सामान बांधत होती. पत्ता कुणी आणि कसा फोडला, हे मास्तरणीने काही न लपवता सांगितलं.

"नवीन पत्ता कुणाकुणाला कळणार?" बाईने विचारलं.

"आता फक्त मला."

"मग तुम्हालाही नको."

मास्तरणीने मान डोलावली. संस्थेत परत येऊन तिने बाईची ओळ उघडली, जुना पत्ता पुसला आणि रकाना तसाच मोकळा ठेवला. डेटाबेसमध्ये मोकळ्या रकान्याचा अर्थ घर नाही असा होत नाही. आपल्याला माहीत नाही, एवढाच होतो.