शिराजपुरतं पेट्रोल

माझ्या आतोबांच्या घरात कुठलीही वस्तू कधी संपली नाही. हे विधान आणखी कुणाच्या घराबद्दल करता येईल असं मला वाटत नाही. रेशनच्या दिवसांतसुद्धा त्यांच्याकडे साखर, रॉकेल, शाई, दाढीचा साबण, सगळ्याचा एकेक नग वापरात आणि दुसरा तयार असे. दुसरा वापरायला काढला की त्याच दिवशी आतोबा सायकलवर टांग टाकून सियागंजच्या बाजारात जात आणि तिसरा घेऊन येत. कोटाच्या एका खिशात चष्मा, दुसऱ्या खिशात दुसरा चष्मा, आणि येता येता दोन्ही फुटले तर पंचाईत नको म्हणून तिसरा आमच्या जुनी इंदूरमधल्या घरी कोनाड्यात ठेवलेला. लग्नाला जायचं तर घरून चार घास खाऊन निघत. कारण विचारलं तर म्हणत, "मांडवात अन्न कमी पडलं तर यजमानाला शर्मिंदा व्हायला नको." माझ्या स्वतःच्या लग्नात त्यांनी मुंडावळ्यांची जादा जोडी आणि जादा अंतरपाट आणला होता. वडील आईला हळूच म्हणाले, "मिळाला असता तर जादा नवरदेवही आणला असता यांनी."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी सगळी इंदूर संस्थानच्या मोटारखान्यात गेली. मोटारी विलायतेहून यायच्या, त्या उतरवून घ्यायला मुंबईच्या बंदरावर आतोबा जायचे, आणि मालक मंडळी परदेशी निघाली की त्यांच्या मोटारी जहाजावर चढवायलाही आतोबाच जायचे. स्वतः मात्र धक्क्यावरून परत. इंजिनाचा आवाज ऐकून ते मोटारीला काय होतंय ते सांगत, आणि सांगताना चेहरा असा करत की जणू घरातलंच कुणीतरी आजारी आहे. कुठल्याही मोटारीची टाकी अर्ध्याखाली गेलेली त्यांना खपत नसे. अर्ध्याखाली टाकी नेणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी दारुड्याच्या बरोबरीचा.

आत्याची गोष्ट वेगळी होती. माझे आजोबा दरबारच्या फारसी दफ्तरात होते. संध्याकाळी ते घरी मोठ्याने फारसी वाचत बसत, आणि ही धाकटी मुलगी शेजारी बसून ऐकायची. मुलीच्या जातीला फारसी कशाला, असं सगळ्यांनी म्हणून झालं, तोवर ती शिकून बसली होती. भाजी चिरता चिरता ती एखादा बैत, फारसी कवितेच्या दोन ओळी, म्हणायची. आतोबांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ते पेपरातून डोकं वर काढून न चुकता म्हणत, "क्या बात है." आत्या म्हणे, "अहो, यात त्याची बायको मेलीय." मग आतोबा म्हणत, "तरी चांगलं म्हटलंय."

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, आणि मोटारखाना मोडला. आतोबांना पेन्शन लागली. वर्षानुवर्षं ज्या लांबलचक मोटारीला त्यांनी मुलासारखं सांभाळलं होतं ती लिलावात निघाली, आणि आतोबांनी ती घेतली. ती घरासमोर उभी राहिली त्या दिवशी ते इतके खुशीत होते की आत्याला म्हणाले, "बोल, कुठे नेऊ? तू म्हणशील तिकडे."

त्यांना वाटलं असेल, ओंकारेश्वर म्हणेल, फार तर नाशिक. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "शिराजला."

"शिरपूरला? दुपारपर्यंत पोचू."

"शिरपूर नाही हो. शिराज. इराणातलं."

 ती चेष्टा करत नव्हती हे आतोबांना कळलं होतं. दोनेक दिवसांनी ते बगलेत नकाशांची भली मोठी गुंडाळी घेऊन आले. तिथून पुढे त्या घरात दुसरा विषय उरला नाही. दिल्ली, अमृतसर, लाहोर, क्वेट्टा, मग वाळवंट, मग इस्फहान, मग शिराज. पासपोर्टाचं प्रकरण तर महिनोन् महिने चाललं, कारण आमचं सरकार त्या काळी उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला राहायचं. आतोबा चौकशीला जात तेव्हा कागद नेमके दुसऱ्या गावी गेलेले असत. पण ते चिडत नसत. तयारीला वेळ मिळतोय याचं त्यांना समाधानच होतं. "फारसी तुझं खातं, मोटार माझं," ते आत्याला म्हणायचे. आत्याने मेतकूट दळून डबे भरले, दोन नवी लुगडी घेतली, आणि मला कॉलेजच्या लायब्ररीतून इराणवरची पुस्तकं आणायला लावली. मी तेव्हा इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. पुस्तकातली चित्रं ती भिंग लावून बघायची. एकदा म्हणाली, "मला फक्त एकदा ऐकायचंय रे. बाजारात भाजीवाला कसा बोलतो ते. मला येते ती सगळी पुस्तकातली."

पासपोर्ट आले, दिवस ठरला, आणि पेपरात बातम्या सुरू झाल्या. इराणात तेलावरून परदेशी कंपनीशी तंटा लागला होता, तिथला तेल साफ करायचा मोठा कारखाना बंद पडला होता, आणि आता सगळीकडे पेट्रोलची टंचाई होणार असं रोज छापून येत होतं.

आत्याने सरळ हिशेब केला. "अहो, तेल निघतं तिथेच ना आपण चाललोय?"

"निघतं, पण साफ होत नाही. कच्चं तेल ओतू का मोटारीत?"

दुसऱ्या दिवसापासून पेट्रोलचे डबे यायला लागले. जुन्या ओळखी होत्या, कुणी एक देई, कुणी दोन. आधी मागच्या अंगणात, मग पडवीत, मग माजघरात. पाहुण्यांनी विडी ओढायची तर गल्लीच्या तोंडाशी जाऊन. भिंतीपलीकडे एका मिठाईवाल्याची भट्टी होती. तो एक दिवस हात जोडून दारात उभा राहिला. "साबजी, म्हारी भट्टी दिनभर चाले है. आप टंकी भरके बैठे हो. किसी दिन मोहल्ला समेत इराण पोच जावांगा." आतोबांनी त्याला बसवून चहा दिला आणि प्रत्येक डब्याचं झाकण कसं घट्ट आहे ते समजावून सांगितलं. तो आणखी घाबरून गेला.

खरी पंचाईत पुढे होती. इतके डबे न्यायचे तर मोटारीवर वजन वाढणार. वजन वाढलं की पेट्रोल जास्त लागणार, म्हणजे आणखी डबे. आतोबा रोज हा हिशेब मांडत आणि रोज डबे वाढत. छतावर लोखंडी जाळी बसली, दारांखालच्या फळ्यांवर कप्पे झाले, मागचं बाक निघालं. मेतकुटाचे डबे उतरले. नव्या लुगड्यांची पेटी उतरली. शेवटी पुढच्या सीटचा अर्धा भागही डब्यांनी घेतला.

एका रविवारी सकाळी सगळा माल भरून गावाबाहेर राऊपर्यंत एक चक्कर मारायची ठरली. आत्या पुढे, दार आणि डबे यांच्यात दाबून बसलेली. मी मागे एका डब्यावर, दुसरा डबा मांडीवर घेऊन. मोटार अशी चालली होती की सायकलवाले वळून बघत पुढे निघून जात. पेट्रोलचा वास डोक्यात चढला. राऊ येता येता आत्या म्हणाली, "थांबवा." ती उतरली आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसली. चेहरा पांढरा पडला होता. आतोबांनी सुरईतलं पाणी दिलं, पंचा ओला करून दिला, आणि काळजीने समोर उभे राहिले.

थोड्या वेळाने आत्या म्हणाली, "हे सगळं जाण्यापुरतं आहे की येण्याचंही?"

"दोन्ही. वाटेत कुठे मिळालंच नाही तर?"

"नाही मिळालं तर मागू की कुणाकडे. मला बोलता येतं तिथलं."

आतोबा जणू तिने भीक मागायचं म्हटल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. "अनोळखी माणसाकडे? परक्या मुलखात?"

 आत्या पदर झटकून उठली. "राहू द्या. टंचाई सरू दे. पुढच्या वर्षी बघू."

त्या वेळी आतोबांचा चेहरा मी बघितला. त्यांना वाईट वाटलं होतं, खूप वाटलं होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या मागे कुठेतरी हायसंही वाटलं होतं. आत्यानेही ते बघितलं असणार. 

इंदुरात पेट्रोल शेवटपर्यंत मिळत होतं. पेपरातली टंचाई आमच्या पंपापर्यंत काही पोचली नाही. डबे हळूहळू ओळखीच्या डॉक्टरांकडे, लग्नाच्या मोटारींना, असे वाटले गेले. पुढचं वर्ष आलं, तेव्हा आतोबा म्हणाले, अजून तिकडे स्थिर नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही काहीतरी होतं.

मग एका दुपारी राऊच्या अलीकडे एका परदेशी मोटारीची चाकावरची कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली, आणि कुणीतरी त्या माणसाला आतोबांकडे पाठवलं. जर्मन इंजिनियर होता, बायकोबरोबर मुंबईला बोट पकडायला निघालेला. तेहरानहून रस्त्याने आला होता. बायको इराणी होती. मला निरोप आला, इंग्रजी बोलायला ये. मी पोचलो तोवर माझं काम उरलं नव्हतं. आतोबा आणि तो जर्मन मोटारीखाली आडवे होऊन खुणांनी बोलत होते, आणि आत्या ओसरीवर त्या बाईसमोर बसली होती, फारसीत.

आत्या अडखळत, एकेक शब्द जपून मांडत बोलत होती. ती बाई आधी चकित झाली, मग हसली, मग डोळे पुसायला लागली. मला इंग्रजीत म्हणाली, "या अशा बोलतात जशी माझ्या आजोबांची पुस्तकं. असं आमच्याकडे आता कुणी बोलत नाही." मी आत्याला सांगितलं, तर ती लाजली. त्या बाईला पोहे वाढले, ते तिने दोनदा घेतले. आत्याने तिला भाजीवाला कसा ओरडतो ते विचारलं, आणि ती भलीमोठी उंच बाई आत्याच्या ओसरीवर उभी राहून भाजीवाल्यासारखी ओरडली. मिठाईवाला बघायला बाहेर आला.

कमान बसली, हात धुऊन झाले, तेव्हा आतोबांनी मला म्हटलं, "त्याला विचार, वाटेत पेट्रोलचं काय केलं."

जर्मन म्हणाला, "टाकीत होतं ते आणि एक डबा. संपलं की मागायचो. कधी लॉरीवाल्याने दिलं, कधी चौकीवरच्या शिपायाने. एकदा कुणीच आलं नाही, तर दिवसभर रस्त्यावर बसलो. जवळच्या गावचे लोक कलिंगडं घेऊन आले."

मी मराठीत सांगितलं. आतोबांनी मान हलवली आणि हात पुन्हा धुवायला गेले.

निघताना त्या बाईने आत्याचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाली. आत्या खळखळून हसली. तिला तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर आतोबा मोटारीचं काम करत होते. छतावरची जाळी काढली, कप्पे काढले, मागचं बाक परत बसवलं. मग आत्याला म्हणाले, "होळी झाली की निघू. टाकी भरून, बस. बाकी वाटेत बघू." आत्या हो म्हणाली. मला एकट्याला गाठून म्हणाली, "त्यांना पेट्रोलची काळजी नव्हतीच रे. कुणापुढे हात पसरावा लागेल याची होती. लहानपण मामाकडे काढलंय त्यांनी, मागून खाल्लेलं विसरत नाही माणूस." तिने मेतकूट पुन्हा दळायला घेतलं.

पण त्या थंडीत तिचा खोकला बळावला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. राऊला दोन खोल्या घेतल्या. औषधं, फळं, बर्फ, काय लागेल ते आतोबा मोटारीने घेऊन जात. शेवटी शेवटी तिला ताजं दूध लागायचं, तर वाटेतल्या अनोळखी घरांची दारं वाजवून ते लोटा पुढे करत, असं मला तिथल्या एका गवळणीनेच सांगितलं. आत्या होळीच्या आधी गेली.

मध्यभारताचा मध्यप्रदेश झाला त्या सुमाराला एक दिवस आतोबा माझ्याकडे आले. मोटार त्यांनी केव्हाच देऊन टाकली होती. म्हणाले, "तुझ्या कॉलेजात फारसी जाणणारं कोणी आहे का?"

"कशाला, आतोबा?"

"ती बाई जाताना तुझ्या आत्याला काय म्हणाली ते कळून घ्यायचंय. मला आवाज ध्यानात आहे. इंजिनाचा राहतो तसा."

कॉलेजातून रिटायर झालेले एक मौलवी बंबई बाजारामागे राहत. मी आतोबांना तिथे नेलं आणि आत्याची हकीकत सांगितली. मौलवी फार वृद्ध होते, नीट ऐकू येत नव्हतं. आतोबा समोर ताठ बसले आणि शाळेत पाठ म्हणतात तसे ते शब्द म्हणाले. मौलवींना काही अर्थ लागेना. आतोबांनी पुन्हा म्हटले, थोडे हळू. मग आणखी एकदा. "जाये शुमा खाली बूद."

मौलवींचा चेहरा उजळला. "अच्छा, अच्छा. 'आपकी जगह ख़ाली थी.' उधर का बोलने का तरीक़ा है, साहब. मतलब ये के रास्ते में आप भी साथ होतीं तो अच्छा होता."

 आतोबांनी विचारलं, "फिर वो हँसी क्यों?"

"ये तो वही बता सकती थीं."

आम्ही बाहेर पडलो. बाजारात गर्दी होती. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो धरू दिला. बरंच चालून आल्यावर ते म्हणाले, "त्याच दिवशी विचारायला हवं होतं रे. वाटलं, ती घरातच तर आहे. विचारू कधीतरी."