पाचवी मूठ

नवागामच्या आमच्या गल्लीत ते लोक ट्रकमधून उतरले तेव्हा सगळे म्हणाले, मिलिटरी आली. ती मिलिटरी नव्हती. केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलाची एक तुकडी होती, आणि हे मी घरात दोनदा सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, हिरवे कपडे आणि लांब बंदूक म्हणजे मिलिटरीच. मग मीही तोच शब्द वापरू लागले.

दोन टोळ्यांचं भांडण वर्षभर चाललं होतं. आधी भाजीबाजारात तलवारी निघाल्या, मग दुकानांच्या काचा फुटल्या, मग चौकात भरदुपारी एकाचा खून झाला. आमच्या भागातला हवालदार त्या पोरांना नावानिशी ओळखायचा. एकाच टपरीवर त्यांचा चहा व्हायचा. कोण कुणाचा भाचा, कुणाची बहीण कुठे दिली, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि एवढं ठाऊक असल्यामुळेच तो कुणाला हात लावत नसे. खुनानंतर गल्लीतल्या बायकांनी मोर्चा नेला आणि मिलिटरी मागितली. आई मोर्चात होती. मी नव्हते, मला चारचौघांत ओरडता येत नाही. अर्ज मात्र माझ्या हातचा होता. तो इंग्रजीत लिहिला, कारण इंग्रजी अर्ज वरपर्यंत जातो अशी सगळ्यांची खात्री होती आणि गल्लीत इंग्रजी शाळेत गेलेली मीच.

पहिल्या आठवड्यात मला माझ्या अर्जाचा अभिमान वाटला. मी कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. वर्षभर मी बसमधून उतरून लांबच्या रस्त्याने घरी यायचे. आता सरळ चौकातून येऊ लागले. जवान महानगरपालिकेच्या शाळेत राहत होते आणि त्यांना इथलं कोणीच माहीत नव्हतं. आमदाराचा माणूस असो नाहीतर लूमवरचा कारागीर, चौकातल्या तपासणीच्या रांगेत दोघांना सारखंच उभं राहावं लागे. मला हे फार आवडलं होतं.

मग मोजणी सुरू झाली. जवान घरोघरी जात, घरात पुरुष किती ते विचारत, वहीत लिहीत आणि दारावर खडूने आकडा काढत. पुढच्या फेरीला आकडा जुळला पाहिजे.

आमच्याकडे आले तेव्हा श्रावण लागला होता आणि काकू उंबऱ्यात बसून कानबाईचे गहू निवडत होती. आम्ही मूळचे खान्देशातले, पोटासाठी इथे आलेले. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. जो कामाला परगावी गेला असेल त्याचीही मूठ घ्यायचीच. ते रोट फक्त भाऊकीने खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

जवानाने विचारलं, "घर में मर्द कितने?" काकूच्या समोर सुपात मुठी होत्या. आजोबा, बाबा, काका, माझा भाऊ, आणि तिचा मुलगा. तिने सूप बघून सांगितलं, पाच. दारावर पाचाचा आकडा लागला.

काकूचा मुलगा माझ्याहून वर्षाने लहान. तो सहा महिन्यांपासून नंदुरबारकडे मामाच्या गॅरेजात कामाला आहे. का गेला, ते आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. चार महिने तो त्या टोळ्यांपैकी एकीच्या पोरांमागे मोटारसायकलवर बसून फिरला होता. त्याच्या नावावर गुन्हा नव्हता. पण एका दुकानाची काच फुटली तेव्हा तो तिथे उभा होता, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला गाडीत बसवून दिलं.

शनिवारी सकाळी दुसरी फेरी आली. सगळ्या पुरुषांना दारात उभं केलं. चार भरले. पाचवा कुठे, असं विचारल्यावर काका म्हणाले, बाईमाणसाची चूक झाली, चारच आहोत. जवानाने काकूकडे पाहिलं. ती म्हणाली, पाच. सोबत वाट दाखवायला आलेला हवालदार गालात हसला. त्याला पाचवा कोण ते पक्कं माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. जवान एवढंच म्हणाला की उद्या संध्याकाळपर्यंत पाचवा शाळेत हजर करा, नाहीतर काकांनी येऊन बसायचं.

जेवताना काकांनी काकूची समजूत काढली. एकदा चार म्हण, विषय संपेल. बाबांनीही सांगून पाहिलं. काकू पोळी वाढत राहिली. शेवटी म्हणाली, "पीठ दळाई गयं. आते मी मना पोऱ्याले त्यामातून कशी काढू?"

मला मात्र एक गोष्ट कळत होती. माझ्या कामात हिऱ्यांच्या पाकिटांची नोंद असते. चुकून एक पाकीट जास्त लिहिलं गेलं तर सगळा मजला ते नसलेलं पाकीट शोधत बसतो, आणि नुसतं "नाही" म्हणून कोणी ऐकत नाही. ते का लिहिलं गेलं, ते सांगावं लागतं. आणि आमच्या घरात ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, जे गव्हाच्या मुठींतही धरलेलं नव्हतं आणि दारावरच्या आकड्यातही नव्हतं.

रविवारी सकाळी काकू सोवळ्यात रोटांच्या तयारीला लागली आणि मी शाळेत गेले. काका फाटकापर्यंत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत तुकडीचा अधिकारी बसला होता. दक्षिणेकडचा असावा, हिंदी मोजून मापून बोलायचा. कोपऱ्यात आमचा हवालदार होता. मी अधिकाऱ्याला विचारलं, इंग्रजीत बोलू का. त्याला बरं वाटलं. हवालदाराने खुर्ची जरा पुढे ओढली, पण त्याला इंग्रजी कळत नव्हतं.

मी गहू, मुठी, रोट सगळं सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, म्हणून त्याला दोनदा पुढे वाकावं लागलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, हा मुलगा त्या लोकांबरोबर होता का?

येताना वाटेत मी याचं उत्तर तयार केलं होतं. उत्तर होतं, नाही. मी हवालदाराकडे पाहिलं. मी काय सांगितलं ते त्याला आज ना उद्या कळलंच असतं. मी नाही म्हटलं असतं तर ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस त्याच खोलीत बसला होता, आणि पुढची कितीतरी वर्षं ते त्याच्या खिशात राहिलं असतं. तुकडी जाणार होती. हवालदार इथेच राहणार होता. मी म्हणाले, होता, चार महिने. आणि बाकीचंही सांगितलं, काचेचंसुद्धा.

मग मी म्हणाले की तो पौर्णिमेच्या आत रोट खायला येईल, चौकातून येईल आणि स्वतः नाव सांगेल.

"नाही आला तर?"

"तर मला बोलवा. तुम्हाला बोलावणारा अर्ज मीच लिहिलाय."

तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी एक जवान आला, हाताने आकडा पुसला आणि तिथे चार अधिक एक असं लिहून गेला. काकूने पिठाच्या हातांनी बाहेर येऊन ते बघितलं आणि परत आत गेली.

सोमवारी विसर्जनाला कानबाई चौकातून गेली. जवानांनी रस्ता मोकळा करून दिला. बायका नाचल्या, आईसुद्धा. मी कडेने चालले. मी घरी अजून सांगितलं नव्हतं की मी खरं बोलून आले. ते काकांना त्या संध्याकाळी सांगितलं. मी पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही.

मी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे पौर्णिमेच्या आदल्या दुपारी चुलतभावाचा उधना स्टेशनवरून फोन आला.

"ताई, धरतील का?"

मी म्हणाले, "विचारतील. रांगेत उभा राहा, पळू नको."

मी अर्धी सुट्टी टाकून चौकात आले आणि सोड्याच्या गाडीजवळ थांबले. तो आला, पाठीला पिशवी, ग्रीसने काळी झालेली नखं. रांगेत चौथा. हवालदाराने लांबूनच ओळखलं. "आवी गयो, हीरो?" तो मान खाली घालून उभा राहिला. जवान मात्र त्याला ओळखत नव्हता. त्याने नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, वही उलटली आणि त्याला शाळेत नेलं.

दोन तास गेले. त्या दोन तासांत मला माझ्या इंग्रजीचा, अर्जाचा, खरेपणाचा, सगळ्याचा राग आला. सोडेवाल्याने न मागता एक ग्लास पुढे केला, तोही मी घेतला नाही.

मग तो फाटकातून बाहेर आला. फोटो घेतला, अंगठे घेतले, त्या पोरांची नावं विचारली, म्हणाला. कोणाची नावं दिली ते मी विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, "जे बघितलं तेवढं सांगितलं." हवालदार समोर होता का, एवढंच मी विचारलं. नव्हता, त्याला बाहेर बसवलं होतं.

तुकडी दिवाळीआधी गेली. टपरी अजून आहे, चहाही चालतो. हवालदार आता मला बहेन म्हणतो आणि मी मान हलवून पुढे जाते. चौकातून सरळ जाते. पुन्हा वेळ आली तर अर्ज मी पुन्हा लिहीन, फक्त या वेळी त्यात लिहीन की येणाऱ्यांनी वही नीट ठेवावी आणि ज्यांना इथलं सगळं माहीत आहे त्यांना वहीपासून लांब बसवावं.

चुलतभाऊ शाळेतून सुटून घरी आला त्या संध्याकाळी काकू दारातच उभी होती. मुलाला जवळ घेतलं नाही, पिशवी घेतली. रोट वाळून कडक झाला होता. तिने वाटीभर दूध आणि गूळ पुढे ठेवला.

"बुडाडीसन खाय," ती म्हणाली. "सगळा खाय. उद्या पुनीव शे."

त्याने सगळा खाल्ला. काका समोर बसून बघत होते, आणि मग त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं.