एक ढाल आणि दोन तेजस्वी

सुदाम गायकर हेंद्रेपाड्यातल्या शाळेचा शिपाई. अठ्ठावीस वर्षं शाळेची घंटा त्याच्या हातात आहे. मुख्याध्यापक सहा बदलले, पत्र्याच्या वर्गांवर स्लॅब पडला, पण सकाळचा टोला सुदामशिवाय कुणी दिला नाही. मूळचा वांगणीचा. नववीत गणिताने दगा दिला आणि शिक्षण तिथेच संपलं. म्हणूनच की काय, हुशार पोरांचं त्याला भारी कौतुक. बक्षीस समारंभात ढालींचं तबक धरून व्यासपीठावर उभं राहायचं काम त्याचंच, आणि ते तो अशा थाटात करायचा की बघणाऱ्याला वाटावं, बक्षीस हाच देतोय.

घंटेच्या बाबतीत माणूस घड्याळाचा पक्का. गेली दोन वर्षं मात्र सकाळची घंटा पाच मिनिटं उशिरा होत होती आणि हे शाळेत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला कारण होतं रांग. बारवी धरणाच्या रस्त्याला चार किलोमीटर आत एक पाडा आहे. तिथल्या मुली सातवी झाली की घरी बसायच्या. रस्ता रानातला, एकट्यादुकट्या पोरीला पाठवणार कोण? मग तिथल्याच तेजस्वी नावाच्या पोरीने घरोघर जाऊन आयांशी वाद घातला आणि अकरा मुली रांगेने शाळेत आणायला लागली. सगळ्यांत लहान पुढे, स्वतः शेवटी. एक थांबली की सगळ्यांनी थांबायचं, हा तिचा कायदा. श्रावणात ओढा भरला तेव्हा तिने ओढणीला ओढणी बांधून सगळ्यांना पार केलं होतं. ही रांग वळणावर दिसली की मगच सुदाम टोला हाणायचा.

आता इथली एक गंमत सांगायला हवी. या भागात आडनावं मोजून पाच-सहा. निम्मा वर्ग भोईर, उरलेला म्हात्रे. त्यात पंधरा वर्षांपूर्वी तेजस्वी या नावाची अशी साथ आली होती की दर दुसऱ्या पाळण्यात तेजस्वी. त्यामुळे दहावी अ मध्ये एक तेजस्वी भगवंत भोईर आणि दहावी ब मध्येही एक तेजस्वी भगवंत भोईर. दोघींचेही बाप भगवंतच. एका भगवंताने रस्त्यालगतची जमीन बिल्डरला दिलेली, दुसरा वांगणीला कुणाच्या तरी फार्महाउसवर राखणदार, फक्त रविवारी घरी येणारा. पोरांनी आपल्यापुरती सोय केली होती : एक गाडीवाली तेजू, दुसरी रांगवाली तेजू. गाडीवालीला नववीत ब्याण्णव टक्के, शाळेत पहिली. रांगवालीला एकसष्ट.

यंदा शाळेने नवा पुरस्कार काढला, आदर्श विद्यार्थिनी. नुसते मार्क नकोत, नेतृत्वही बघायचं. विचार चांगलाच होता. परीक्षा विभागाने गुणांची यादी दिली. वर्गशिक्षकांनी कोणी काय केलं त्याची टिपणं दिली. क्लार्क प्रमोदने कॉम्प्युटरवर नावं जुळवली, आणि नावं जुळलीच! ब्याण्णव टक्के आणि अकरा मुलींची रांग, दोन्ही एकाच नावावर जाऊन बसलं. समितीने ते बघितलं आणि एकमताने निवड केली. ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं आणि सगळ्यांनी मिळून अशी पोरगी निवडली जी त्या शाळेत नव्हतीच.

निमंत्रणाचं पत्र सुदामनेच पोचवलं. पत्रावर प्रमोदने तुकडी अ घातली होती, म्हणून ते गाडीवालीच्या घरी गेलं. तिथे त्याला जिलेबी मिळाली. पहिली आलेल्या पोरीला बक्षीस, यात विचारायचं काय? तो खुशीत परतला.

समारंभाच्या दिवशी सकाळी त्याला उल्हासनगरला धाडलं, ढाल आणि काचेत बसवलेलं मानपत्र आणायला. दुकानातला सिंधी शेठ म्हणाला, "पढ लो भाई, नाव-बिव बरोबर आहे ना? बाद में झिकझिक नको."

सुदामने वाचलं. नाव बरोबर होतं. खाली लिहिलं होतं : दुर्गम पाड्यावरील अकरा मुलींना रोज शाळेत आणणारी. त्याच्या खाली ओढा, त्याच्या खाली ओढण्या.  अरे देवा, ही तर आमची रांगवाली!

शाळेत पोचताच तो मुख्याध्यापिका कीर्ती मॅडमच्या खोलीत शिरला. "मॅडम, घोटाळा झालाय. ही तेजस्वी ती नाय. मार्क हिचे, काम तिचं."

मॅडमनी मानपत्र वाचलं, टिपणांची फाईल काढली, आणि डोक्याला हात लावून बसल्या. बाई वाईट नव्हत्या. उलट फार सरळ. "सुदाम, पाहुणे अंबरनाथहून निघालेत. ढालीवर नाव कोरलंय, पत्रिका वाटल्यात, त्या मुलीचे आजी-आजोबा पुढच्या रांगेत येऊन बसलेत. आता कुणाला उठवू आणि कुणाला बसवू?"

"दोघींना बोलवा ना मॅडम."

"ढाल एक आहे."

"मग नुसतं सांगा तरी, माइकवर. चूक झाली म्हणून."

मॅडमनी फाईल मिटून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "नंतर बघू काहीतरी." अठ्ठावीस वर्षांत सुदामने हे वाक्य सहा मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलं होतं. नंतर कुणीच काही बघत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण शिपायाने यापुढे काय बोलायचं? तो तबक पुसायला गेला.

दुपारी समारंभ सुरू झाला. रांगवाली तेजू स्वयंसेवक होती. पडद्याच्या कडेला, सुदामपासून दोन हातांवर, पाण्याचे ग्लास घेऊन उभी. नाव पुकारलं, "तेजस्वी भगवंत भोईर!" आणि ती चमकली. तिने ग्लासांचा ट्रे खाली ठेवला, ओढणी सारखी केली, एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात समोरून गाडीवाली पायऱ्या चढून वर आली. रांगवालीने पाऊल मागे घेतलं आणि ट्रे पुन्हा उचलला.

मग मानपत्र वाचलं गेलं. अकरा मुली, चार किलोमीटर, ओढा, ओढण्या. रांगवाली ट्रे धरून सगळं ऐकत होती. सुदामला तिच्याकडे बघवेना. ओरडावंसं वाटलं, पण दोन्ही हात तबकात अडकलेले.

गाडीवालीचं तोंड लालबुंद झालं. पोरगी प्रामाणिक. ती माइककडे वाकून म्हणाली, "सर, हे मी नाही केलं..."

पाहुणे खळखळून हसले. "बघा, किती नम्र आहे! याला म्हणतात संस्कार." टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरीने कीर्ती मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान खाली घातली. सुदामच्या तबकातली ढाल पाहुण्यांनी उचलून तिच्या हातात दिली.

समारंभ आटोपल्यावर सुदाम रिकामं तबक घेऊन फाटकाशी आला. फाटकासमोर विठा बसते. बोरं, आवळे, हरभऱ्याच्या ओल्या जुड्या विकते. विठा म्हणजे रांगवालीची आई. तिला शाळेच्या आत काय झालं ते दिसत नाही, पण भोंगा ऐकू येतो. तिच्याभोवती पोरांची झुंबड होती आणि ती ओंजळी भरभरून बोरं वाटत होती. टोपली तळाला गेली होती.

"पैसं नको रं, आज खावा!" ती ओरडत होती. सुदामला बघताच धावत आली. डोळे भरलेले. "सुदामदादा, आयकलंस ना? माझे पोरीचा नाव, बापाचा नाव, आडनाव, समदा! आन रांगेचा सांगला, वड्याचा पन सांगला! आमचे पाड्याचा कवा कोनी नाव तरी घेतलाय का?" तिने तबकात बोरं ओतली आणि एक त्याच्या तोंडात कोंबलं. "आन ढाल कुठं हाय?"

 तेवढ्यात मागून रांगवाली आली. आईकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. तिला सगळं कळलं.

"आये, ढाल शालेन ठेवतान," ती म्हणाली. "कपाटान. घरी नाय देत कोनाला." आणि सुदामकडे वळून, अगदी रांगेतल्या लहानग्यांना सांगते त्याच आवाजात, "हो ना काका?"

सुदामने मान हलवली. हलवली म्हणजे काय, हलली.

विठाचं समाधान झालं. तिने रिकामी टोपली काखेला मारली. "मंग कपाटाची चावी तुझेकडंच असंल. रयवारी हिचा बाप येतो. त्याला घेऊन येते. जरा दाखवशील ना रं, दादा?"

तोंडातल्या बोराची बी सुदामला गिळता येईना आणि थुंकताही येईना.