टीव्हीचा पडदा

देवरीच्या माझ्या माहेरच्या घरातली पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासोबत टीव्हीचा पडदा हाती आला. पांढऱ्या कापडावर आईनं भरलेला निळा क्रूस अजून तसाच होता.

आमच्याकडे रविवारच्या पिक्चरला परवानगी होती, त्यातल्या गाण्यांना नव्हती. टीव्ही बंद केला तर चित्र परत यायला फार वेळ लागायचा, म्हणून हा पडदा. नाचगाणं सुरू झालं की बाबा ओरडायचे, "पाड पडदा!" आवाजाचं बटण तुटलेलं, त्यामुळे गाणं ऐकू यायचंच. मग ते दडपायला बाबा चर्चमधलं गीत मोठ्यानं म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागे.

एका रविवारी गाता गाता ते आईवर खेकसले, "अवो, पाय काऊन हालवून राहिली?"

"तुमचंच गीत त्या पिक्चरच्या गाण्याच्या तालावर जाऊन राहिलं जी," आई म्हणाली.

बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग पुढचं कडवंही त्यांनी त्याच तालावर धरलं. पिक्चर कधी संपला, कोणाला कळलंच नाही.

तेव्हा मला त्या पडद्याची लाज वाटायची. आज शेजारच्या खोलीत माझी मुलगी कानात इअरफोन घालून मोबाइल पाहत बसली आहे. काय पाहते, मला ठाऊक नाही. बाबांना आमच्याबद्दल वाटायची तीच धास्ती आता मला वाटते.

पडदा घेऊन मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"हे कायले आणलं?" एक इअरफोन काढत तिनं विचारलं.

मी बाबांचं गीत म्हणायला लागले, त्यांच्याच त्या तालावर. थोड्या वेळानं तिचा पाय हलायला लागला.