मामांच्या खिशातले सत्तर दाणे

वर्धा जिल्ह्यात दुसऱ्याच्या खांद्याची काळजी माझ्या बायकोच्या मामांइतकी कोणी केली नसेल. मामा देवळीत राहतात. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, तरी शाळेच्या मुलींचा बेसबॉल संघ अजून तेच बघतात. भेटल्यावर ते प्रकृती विचारत नाहीत, थेट कोपर दाबून पाहतात. एका लग्नात नवरदेवाच्या बाबतीतही त्यांनी हेच केले आणि वरमाय चार दिवस काळजीत होती. चेंडू फेकणाऱ्या मुलीसाठी ते उजव्या खिशात तुरीचे सत्तर दाणे ठेवतात. प्रत्येक फेकीला एक दाणा डाव्या खिशात जातो. उजवा खिसा रिकामा झाला की मुलगी बाहेर. नंतर मैदानाला दोन सावकाश फेऱ्या, हात हलकेच फिरवणे आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण आराम. गरम तेलाने खांदा रगडणाऱ्या एका आईला त्यांनी सांगितले होते, "बाई, कणीक नाई तिंबून राह्यले तुम्ही."

गेल्या हिवाळ्यात जिल्हा स्पर्धेची उपांत्य फेरी शनिवारी होती आणि अंतिम सामना सोमवारी. संघाची मुख्य पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, नववीतली. तिच्या घरी रविवारी कापूस वेचणी निघाली. मामा सकाळीच शेतात हजर झाले. "तिले झोपू द्या. तिची ओळ मी वेचतो." दुपारपर्यंत त्यांची ओळ अर्धीही झाली नव्हती. मुलीची आई म्हणाली, "मास्तर, तुमच्याहून माझी बकरी जास्त वेचते." मामांनी मान डोलावली आणि ते डाव्या हाताने वेचत राहिले.

सोमवारी मी वर्ध्याच्या मैदानावर होतो. शेवटचा डाव, देवळी एका धावेने पुढे, समोरची एकच खेळाडू बाद व्हायची होती. मामांनी खिसा चाचपला आणि मुलीला बाहेर बोलावले.

"सर, एकच तर राह्यली. हात दुखून नाई राह्यला."

"आज नाई दुखत, म्हणूनच थांबवलं."

तिच्या जागी आलेल्या मुलीच्या फेकीवर दोन धावा निघाल्या. देवळी हरली.

परतीच्या एसटीत मुली मामांपासून दूर, मागच्या बाकांवर बसल्या. तरुणपणी मामा स्वतः चेंडू फेकत. सामना जिंकेपर्यंत त्यांना थांबवणारे कोणी नव्हते आणि त्यांचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. हे त्यांनी मुलींना कधी सांगितलेले नाही. देवळी आली तेव्हा ते उभे राहून वरच्या फळीवरच्या आपल्या पिशवीकडे डावा हात नेत होते. तेवढ्यात मागून त्या नववीतल्या पिचरचा उजवा हात आला. तिने पिशवी सहज खाली काढली, त्यांच्या हातात दिली आणि उतरली. मामा तिच्या खांद्याकडे बघत राहिले. कंडक्टरला दोनदा सांगावे लागले, "काका, उतरा आता."