रामनवमीचा चटका

आदल्या वर्षीच्या रामनवमीला माझे पाय भाजले नाहीत, आणि तिथूनच सगळं बिनसलं. पंचवटीत रामाच्या देवळात भर दुपारी जन्म झाला की प्रदक्षिणा घालायची, ही माझी लग्न होऊन नाशिकला आल्यापासूनची रीत. चैत्रातलं ऊन आणि खाली काळा दगड. देवळाची माणसं बिचारी जाजमं अंथरून त्यावर पाणी मारत असतात, पण मला ते कधी पटलं नाही. ओल्या जाजमावरूनच चालायचं तर घरी फरशीवर फिरावं की! म्हणून मी दरवर्षी जाजम सोडून दगडावरून चालायची, तोंडाने रामनाम आणि मनात ‘आई गं, आई गं’. त्या वर्षी मात्र पाय टेकला तरी काहीच वाटेना. मी आपली रमतगमत फिरतेय आणि बाजूला बायाबापड्या टुणटुण उड्या मारत जाजमाकडे पळताहेत. एकीने तर वाकून माझ्या पायांना हात लावला. “कृपा आहे हो तुमच्यावर!” मी ‘कसचं कसचं’ म्हटलं, पण आतून टम्म फुगले. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात एका नऊवारीतल्या बाईने माझा दंड धरला. बोलण्यावरून सटाण्याकडची वाटली. तिने दगडाकडे बोट दाखवलं. माझ्या डाव्या पावलाचे ओले ठसे उमटत होते. जाजमाचं पाणी म्हणावं, तर मी जाजमावर पाऊलच ठेवलं नव्हतं. “माय, हाई किरपा नई शे,” ती म्हणाली. “तुले साखर शे का?” मला मधुमेह होता, पण भर देवळात असं कोणी विचारावं? मी काही बोलायच्या आत तिने मला सावलीत बसवलं आणि पाय उचलून पाहिला. टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता. तिच्या सासऱ्यांचा पाय असाच कापावा लागला होता म्हणे. पिशवीतला धुतलेला रुमाल तिने माझ्या पायाला बांधला, “आते दवाखानामा जा” असं दटावलं आणि गर्दीत निघून गेली. नाव विचारायचं राहिलं. पुढे पुष्कळदा डोळ्यांनी शोधलं, ती पुन्हा दिसली नाही.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. टोचलेली मला कळलीच नाही. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. जखम चिघळली तर पाय वाचेल याची खात्री नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अनवाणी चालणं कायमचं बंद. तेव्हा मला शिलाई मशीन आठवलं. जन्मभर त्याच्या पायट्यावर माझे पाय चालले, आणि अलीकडे ते भलतंच सुसाट पळायचं, दोरा तुटायचा. मिस्त्रीला बोलावून मी त्याच्याशी भांडलेसुद्धा. माझ्या पायालाच आता जोर कळत नाही, हे कुठे ठाऊक होतं!

जखम भरायला दिवाळी उजाडली. तोवर मी रामाशी अबोला धरला होता. दिवा लावायची, फूल वाहायची, पण बोलायची नाही. जन्मभर नाव घेतलं आणि तू माझी अशी चेष्टा करावीस? आजाराला कृपा समजून मी मिरवत होते आणि तू गंमत बघत होतास? पाय जाईल या भीतीपेक्षा हे मला जास्त लागलं होतं. घरात माझ्या वाटेला कोणी जात नसे. फक्त सून रेवती रोज संध्याकाळी समोर बसून माझे तळवे मांडीवर घ्यायची आणि चिरबीर पडलीय का ते बघायची. सणावारालाही पाया पडायला कुरकुरणारी ही मुलगी! मला लाज वाटायची.

डॉक्टरांच्या परवानगीने तिनेच मला घराजवळच्या योगवर्गात नेऊन घातलं. तिथल्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण कडक. मला वाटलं, हातपाय वळवायला लावतील. कसलं काय! मोजे घालून भिंतीशी नुसतं उभं केलं. “ताडासन. हलू नका.” उभं राहायला काय शिकायचं, मी मनात म्हटलं. पण जरा वेळाने उजवी मांडी भरून आली. मग कळलं की मी सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी आहे. दात आवळलेले, खांदे कानाशी आणि श्वास कुठे अडकला होता देव जाणे. एवढी वर्षं हे शरीर घेऊन फिरले आणि त्याची साधी चौकशी केली नव्हती.

एकदा वीरभद्रासनात उभी असताना बाई जवळ आल्या. “काकू, मनात जप चाललाय ना? चालू दे. पण पायापासून पळून जायला नको.” चोरी पकडली गेली! दुखायला लागलं की मी नामात जाऊन बसायची. “गुडघा कळतो का? मग तिथे थांबा. तिथून हळूहळू खाली या. जिथे कळतं तिथून जिथे कळत नाही तिथे जायचं. आणि भार धरून ठेवू नका, जमिनीला देऊन टाका.” मी नाम घेतच गुडघ्यावरून पोटरीत, पोटरीवरून घोट्यात उतरू लागले. घोट्याखाली अंधार. रोज त्या अंधाराच्या तोंडाशी जाऊन थांबायची. आपण काही करायचं नाही, पळायचं नाही, नुसतं हजर राहायचं. देवळात एवढी वर्षं मी काहीतरी करून दाखवायला जात होते, हे तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं.

यंदाच्या रामनवमीला रेवती बरोबर आली. मी जाड सुती मोजे घातले होते. एक ओळखीची म्हणालीच, “हे काय, मोजे? तुमच्यावर तर कृपा होती!” मी मुकाट ओल्या जाजमावरून चालू लागले. कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या आजोबांना वाट द्यायला बाजूला सरले, तर डावा पाय दगडावर पडला.

“आई गं!” मी किंचाळलेच.

रेवती धावली. “काय झालं आई? पडलात का?”

“अगं, भाजलं!”

“भाजलं?” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “टाचेला? खरंच?” आणि भर देवळात तिने मला मिठी मारली. आम्ही दोघी रडत होतो आणि लोक आमच्याकडे बघत होते.

बोटं अजून बधिरच आहेत. कळतं ते डाव्या टाचेला, तेही थोडंसं. डॉक्टर म्हणतात, साखर आटोक्यात आली त्याचं हे फळ. योगाच्या बाई म्हणतात, सराव. दोघांचंही खरं असेल, मी वाद घालत नाही. पण त्या नऊवारीतल्या बाईला त्या गर्दीत माझ्याच पावलांचे ठसे दिसावेत, याचा मी दुसरा काय अर्थ लावू? कृपा झालीच होती, फक्त जिचं मी कौतुक करून घेत होते ती नव्हे.

त्या दिवशी देवळातच मी अबोला सोडला. गाभाऱ्याकडे तोंड करून म्हटलं, “रामा, कळलं रे बाबा.” आदल्या वर्षी भाजलं नाही म्हणून बाया माझ्या पाया पडल्या होत्या. यंदा भाजलं म्हणून मी रामाच्या पाया पडले, आणि रेवतीचा हात धरून मुकाट्याने जाजमावर परत आले.