दानम्मा सिस्टरचा फुगा

दानम्मा सिस्टरच्या तोंडाला लागायची हिंमत दुधनीच्या आसपास फारशी कुणाची नव्हती. सव्वीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली, आणि तेवढीच वर्षं बाळंतिणींच्या नवऱ्यांना शिव्या घातल्या. सुरुवात मराठीत, शेवट कानडीत. तिच्याविरुद्ध तीन लेखी तक्रारी झाल्या होत्या. तिन्ही तक्रारदारांच्या बायका पुढच्या खेपेला तिच्याच हाताखाली बाळंत झाल्या.

पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक पोर तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. मूल झालं, घरचे पेढ्यांच्या गडबडीत, आणि इकडं रक्ताची धार. जीप येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या पोरीचं नाव दानम्मानं पुन्हा कधी काढलं नाही. तेव्हापासून मूल बाहेर आलं की घरचे मुलाचं नाक कुणावर गेलंय ते बघायचे आणि ही आईच्या खालचं कापड बघायची.

परवाच्या श्रावणात भर दुपारी गुलनाज बाळंत झाली. पहिलटकरीण, रात्रभर कळा दिलेली, आणि पोरगं चार किलोचं. वार पडली. दानम्मानं ती ताटलीत पसरून पाहिली. तुकडा आत राहिला नव्हता, कुठं फाटलंही नव्हतं. तरी रक्त थांबेना. दोन कापडं भिजली.

सासू नूरबी निवांत होती. "जाऊ द्या सिस्टर. खराब रगत हाय, निघून गेलं की अंग हलकं होतंय."

"खराब-बिराब काय न्हाय. चांगलं हाय, तिचं हाय आणि तिलाच पायजे हाय. तुमी बाहेर बसा बगू."

मूल निघालं की गर्भाशयानं मुठीसारखं आवळायचं असतं, म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जातात. गुलनाजचं गर्भाशय नुसतं कणकेच्या गोळ्यासारखं पडलं होतं. दानम्मानं पोटावरून ते चोळायला घेतलं. लघवीची पिशवी तुंबली होती, ती नळी घालून रिकामी केली. डॉक्टर महेश्वरला नोकरीला लागून चार महिने झाले होते. त्यानं दोन्ही हातांना सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, रुग्णवाहिकेला फोन केला. हात बरोबर चालत होते, चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा.

"सिस्टर, गाडीला चाळीस मिनिटं लागतील."

चौथं कापड भिजलं होतं. गुलनाज पुटपुटली, "थंडी वाजतीया."

"डॉक्टर, फुगा करू या," दानम्मा म्हणाली. नळीच्या टोकाला निरोध दोऱ्यानं घट्ट बांधायचा, गर्भाशयात सारायचा आणि सलाइननं फुगवायचा. आतून दाब बसतो, रक्त थांबतं. दोघांनाही हे प्रशिक्षणात शिकवलं होतं.

फुकट वाटायच्या निरोधांचा डबा तिनं उघडला तर रिकामा. तालुक्याला जे कुटुंबनियोजन आकड्यांत दिसत नव्हतं, ते नेमकं त्याच आठवड्यात गावात जोरात झालं होतं.

ती दारात येऊन ओरडली, "सोहेब! पळ, धुळाप्पाच्या दुकानातनं निरोध घिऊन ये!"

गुलनाजचा नवरा सोहेब कानापर्यंत लाल झाला. शेजारी आई बसलेली. "आत्ता?"

"मग काय बारशाला? पळ!"

औषधाच्या दुकानात काय झालं ते धुळाप्पानंच पुढं तिला सांगितलं. दुकानात गर्दी होती. सोहेबनं हळूच काय पाहिजे ते सांगितलं, तर धुळाप्पा मोठ्यानं हसला. "अरे, बायको आजच बाळंत झाली की! जरा दम धर."

"गुलनाजचं रगत थांबंना!" सोहेब रडतच ओरडला. "सिस्टरनं मागितलंय!"

धुळाप्पाचं हसू जागच्या जागी मेलं. हाताला लागतील ती पाकिटं घेऊन त्यानं सोहेबला स्वतःच्या मोटरसायकलवर घातलं.

दानम्मानं पहिलं पाकीट फाडलं आणि खोलीभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला. "अय्यो, साधं न्हवतं का मिळत मेल्याला!" दुसरं साधं निघालं. तिनं दोरा आवळला, महेश्वरनं फुगा आत सारला आणि सलाइन सोडलं. शंभर मिली. दोनशे. तीनशे. दोघंही कापडाकडं बघत होती. चारशेला धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले.

सोलापूरपर्यंत दानम्मा गाडीत गुलनाजच्या उशाशी बसली, एक हात पोटावर, एक नाडीवर. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तीन पिशव्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी फुगा हळूहळू रिकामा करून काढला. रक्त पुन्हा आलं नाही. गर्भाशय वाचलं, पोरगी वाचली.

पण ते कळायच्या आधी, त्याच संध्याकाळी, सोलापूरच्या दवाखान्याच्या पायरीवर नूरबीनं दानम्मासमोर चहा धरला. पोट दाबून दाबून तिची बोटं अशी आखडली होती की कप धरवेना. नूरबीनं चहा बशीत ओतला, बशी तिच्या ओठाला लावली आणि स्वतःच रडायला लागली.

"रडा की, पर तिकडं तोंड करून रडा," दानम्मा म्हणाली. "चहात पडतंय."